बायकांच्या कोठडीची किल्ली

बहात्तर सालच्या आषाढात, वयाच्या विसाव्या वर्षी, मी तुरुंगात गेले. घरापासून दोनशे पावलांवर तुरुंग. लग्नातलं हिरवं पातळ नेसले होते आणि वाटेत दोनदा हसू दाबलं.

माझे यजमान तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. कचेरीमागच्या चाळीत आमची खोली, आणि कचेरीच्याच आवारात दगडी भिंतीचा छोटा तुरुंग. त्याचे मुख्य मामलेदारसाहेबच. त्या दिवशी दुपारी यजमान घरी आले ते घरात कुणी आजारी पडल्यासारखा चेहरा करून. म्हणाले, दुष्काळी कामावरची एक बाई पकडून आणतायत. बाई कैदी असली की पहाऱ्याला बाईच लागते, तसा नियम आहे. चार-पाच वर्षांत कुणी बाई आलीच नव्हती. मागच्या वेळी जिला बोलावलं होतं ती म्हातारी वारली. साहेबांनी सगळ्या कारकुनांना विचारलं, कुणाची बायको जवळ राहते आणि कुणाची शिकलेली आहे. दोन्ही बाबतींत पहिला नंबर माझा आला. मी मॅट्रिक पास होते.

मला घाबरायला हवं होतं, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. लग्नाला सहा महिने झाले होते. घरात सासू नाही, नणंद नाही, दोन माणसांचा स्वयंपाक उरकला की पुढचा सगळा दिवस मी भिंतीवरच्या पालीशी बोलत असे. आता मला सरकारी काम मिळालं होतं. अडचण एकच, माझं हसणं. माहेरी राहात्याला ते प्रसिद्ध होतं. मी पेरूच्या बागेत कुठल्या झाडावर आहे ते वडील नुसत्या हसण्यावरून ओळखत. मंगलाष्टकं चालू असताना भटजींचा आवाज चिरकला तेव्हा अंतरपाटाआड मी इतकी हसले की मामानं पाठीत चिमटा काढला. भीती वाटली, लाज वाटली, काही कळेनासं झालं, तरी मला आधी हसूच येई. यजमानांनी निघताना एवढंच सांगितलं की तिथं जपून.

बायकांची कोठडी उघडली तर आत मतपेट्या. चार महिन्यांपूर्वी निवडणूक झाली होती, आणि रिकाम्या पेट्या ठेवायला दुसरी जागा नव्हती. दोन शिपाई, एक म्हातारे हवालदार आणि मी अशा आम्ही त्या पेट्या बाहेर काढल्या, झाडलं, सडा टाकला. हवालदार निवृत्तीला टेकलेले, मिशा पिकलेल्या. माझ्या कामाचं नाव 'मेट्रन' आहे असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते दिवसभर घोळवलं आणि शेवटी मला 'मोटारीणबाई' केलं.

ती संध्याकाळच्या आधी आली, दोन पोलिसांच्या मध्ये चालत. पंचविशीची, उंच, तळहात भेगाळलेले. केसांच्या भांगात खडीची पांढरी धूळ अजून होती. कागदावर लिहिलं होतं की पाझर तलावाच्या कामावर मजुरीच्या भांडणातून हिनं मुकादमाचा हात खडी फोडायच्या हातोड्यानं मोडला. मी कडक चेहरा करून उभी होते. तेवढ्यात हवालदार गंभीरपणे म्हणाले, "मोटारीणबाई, कैदी ताब्यात घ्या." मग माझं काय होणार होतं? मी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळले आणि खांदे हलत राहिले. पुन्हा वळले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे, जत्रेत दोन तोंडांचं वासरू बघावं तशी.

पहिले तीन दिवस ती बोलली नाही. सकाळची भाकरी खायची, संध्याकाळची तशीच राहायची. मला वाटलं, मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसेल. त्या वर्षी रेशनला ती परदेशी लाल ज्वारी मिळे आणि सगळा तालुका तिला शिव्या देत खाई. पण मग सकाळची कशी उतरते? तिसऱ्या दिवशी मी नीट लक्ष ठेवलं. साडेपाचला हवालदार कोठडी बंद करायला यायचे. त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला की ती ताट दूर सारायची आणि मागच्या कोपऱ्यात पाठ घट्ट भिंतीला लावून बसायची. शिपायानं दारातून घागर आत सरकवली तरी तसंच. मी आत गेले तर काही नाही. माझ्या हातभर बांगड्या वाजल्या तरी काही नाही.

हवालदारांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मिशी ओढत राहिले. माझ्या किल्ल्यांना भिऊन कुणी उपाशी राहिलं नाही आजवर, म्हणाले. पण त्यांना राग आला नाही. साहेबांना विचारा, एवढं बोलून ते स्वतःच माझ्याबरोबर आले.

साहेबांनी अव्वल कारकुनांकडे नियमांचं पुस्तक मागितलं. ते सापडायला अर्धा तास गेला, कारण ते एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होतं. टेबल उचललं, पुस्तक झटकलं, पानं उलटली. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: बायकांच्या कोठडीची किल्ली मेट्रनकडे राहील आणि तिच्याशिवाय कुणाही पुरुषानं त्या दारातून जायचं नाही.  नियम होताच. त्याची चौकशी करणारं कुणी आलं नव्हतं, इतकंच.

किल्ली वीतभर लांब होती आणि वजनाला छोट्या पळीइतकी. ती कमरेला खोचून मी घरी गेले, विहिरीवर गेले, किराणा दुकानात गेले आणि दुकानदारानं विचारलं नसताना ती कशाची आहे ते सांगितलं.

त्या संध्याकाळी मी एकटीच गेले. दार लावलं, कुलूप घातलं आणि आतल्या कोपऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कुलूप मी लावलंय. किल्ली माझ्यापाशी आहे. सकाळी मीच उघडणार, मधे दुसरं कुणी येणार नाही."

आतून पहिल्यांदा आवाज आला. "परत म्हना."

मी परत म्हटलं.

"आनखी एकदा."

असं मी तीनदा म्हटलं. सकाळी ताट धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

मग आम्ही दोघी मिलो निवडायला लागलो. दुपारभर अंगणात सूप घेऊन बसायचं आणि खडे काढायचे. ती हळूहळू बोलायला लागली. आधी मिलोबद्दल, मग मिरजगावच्या बाजूच्या आपल्या वस्तीबद्दल. नवरा साखर कारखान्याकडे कामाला गेला होता. घरी सासू, दोन लेकरं. शेत होतं, पण त्यात दोन वर्षं काही उगवलं नव्हतं. आठव्या की नवव्या दिवशी, सुपातून मान वर न करता, तिनं ते सांगितलं. मुकादमानं हजेरीच्या मस्टरवर अंगठा राहिला म्हणून तिला पत्र्याच्या खोलीत बोलावलं होतं. पुढचं तिनं चार वाक्यांत सांगितलं. ती वाक्यं तिची आहेत, मी इथं लिहिणार नाही. त्यानंतर तीन दिवस ती कामावर गेली, कारण घर त्यावरच चाललं होतं. चौथ्या दिवशी त्यानं पुन्हा हाक मारली. या वेळी तिच्या हातात हातोडा होता.

  मग तिनं मान वर केली. तिच्या ओठांचा एक कोपरा हलत होता.

"त्यो पळाला कसा, म्हाईत हाय का?" ती म्हणाली. "एकाच पायात पायतान. मस्टर डोस्क्यावर धरल्यालं. आन् वरडतोय काय, तर 'पंचनामा, पंचनामा'."

आधी ती हसली. मग मी. सूप कलंडलं, निवडलेलं आणि न निवडलेलं एक झालं, आणि आम्ही दोघी जमिनीवर हात टेकून हसत राहिलो. हवालदार फाटकातून डोकावले आणि काही न विचारता परत गेले. हसणं थांबल्यावर तिनं सांडलेले दाणे पुन्हा सुपात भरले. मुकादमाचं हे तिनं सासूला सांगितलं नव्हतं, पोलिसांना तर नाहीच. कुठल्याही पुरुषाला सांगणार नाही, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं.

पुरुषाला नाही, म्हणून मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांना अख्खं गाव टरकून असे. चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज तलाठ्यासारखा. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या, कारण त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाला अध्यक्ष व्हायचा धीर नव्हता. खोकल्याचं निमित्त करून मी रांगेत बसले, आत गेल्यावर दार लोटलं आणि सगळं सांगितलं. आता त्या ताडकन उठतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "तिला काय हवंय?"

 ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"मग आधी जाऊन विचार," त्या म्हणाल्या, आणि खोकला नसताना मला खोकल्याचं औषध दिलं.

तिनं विचार करायला एक दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पोटात काही राहिलंय का ते बघायचं, पण बाईनं बघायचं. हातोडा का उचलला ते न्यायाधीशाला कळायला पाहिजे. घरी आपल्याबद्दल काय बोलतात ते कळलं तर बरं. आणि डोकं धुवायला शिकेकाई. ती शेवटची गोष्ट मी त्याच दुपारी आणली. तिनं तीन वेळा केस धुतले आणि तिन्ही वेळा दगडाचं पांढरं पाणी निघालं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या, मला दाराशी उभं करून त्यांनी तिला तपासलं. पोटात काही नव्हतं. ते कळल्यावर तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायलं.

मग तिला विचारून डॉक्टरीणबाई मला घेऊन मामलेदारसाहेबांकडे गेल्या. साहेब भला माणूस, पण त्या वर्षी तालुकाभरचा दुष्काळ त्यांच्या टेबलावर होता. बाई काय बोलतायत ते लक्षात आल्यावर ते टेबलावरचा काचेचा गोळा फिरवायला लागले. हे पोलिसांचं काम आहे, म्हणाले, आपल्या अखत्यारीत येत नाही.

"कोठडी तुमच्या अखत्यारीत आहे ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग कोठडीतली बाईपण आहे."

साहेबांनी गोळा खाली ठेवला. कचेरीनं काय करायचं आणि मंडळानं काय करायचं, हे त्यानंतर तासभर ठरलं. डॉक्टरीणबाई दर बुधवारी तपासायला येणार आणि त्यांचे कागद त्यांच्याजवळच राहणार. मंडळाच्या दोघी दर शनिवारी भेटायला येणार. कोर्टाच्या तारखेला मी बरोबर जायचं, मंडळाची एक जण जाणार, आणि वाटेत कुठल्याही चौकीवर तिला बसवून ठेवायचं नाही. तिचा जबाब तुरुंगामार्फत न्यायाधीशांकडे जाणार.

पण जबाब लिहिणार कोण? माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. कचेरीत चांगलं अक्षर एकाचंच, माझ्या यजमानांचं. मी तिला विचारलं. वकीलही पुरुष असणार, न्यायाधीशही पुरुष, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, लिहू द्या, पण लिहिताना माझ्याकडं बघायचं न्हाई.

म्हणून यजमान अंगणात उलट्या मतपेटीवर, कोठडीकडे पाठ करून बसले. ती आतून बोलत होती, मी गजांपाशी होते, ते लिहीत होते. एक शब्दही मधे विचारला नाही. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले ते मला मागून दिसत होते. मधेच शिपायानं चहा आणला. मान वळायला नको म्हणून त्यांनी अंदाजानं मागे हात नेला आणि चहा सदऱ्यावर सांडला. तरी मान वळली नाही. सगळं पान त्यांनी दुसऱ्यांदा लिहून काढलं. ती मला हळूच म्हणाली, "तुमचं मानूस लई गुनाचं हाय." घरी आल्यावर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून तिच्या घरी पोस्टकार्ड टाकलं, त्यात फक्त तारीख आणि नगरच्या कोर्टाचा पत्ता.

आता मंडळ. आम्ही अकरा जणी. तोवरची कामगिरी म्हणजे पापड, हळदीकुंकू आणि एक निबंधस्पर्धा, जिच्यात तिघींनी भाग घेतला आणि तिघींना बक्षीस मिळालं. तुरुंगात जायचं म्हटल्यावर घराघरांत कुरबुर झाली, पण पहिल्या शनिवारी दोघींऐवजी सात जणी आल्या, त्याही ठेवणीतल्या साड्या नेसून. फाटकावर हवालदारांनी वही पुढे केली. वहीत येणाऱ्या बाईचं पूर्ण नाव लागत होतं, म्हणजे नवऱ्याच्या नावासकट. आणि नवऱ्याचं नाव उघड घेणार कोण? मग एकेकीनं उखाणा घेतला. हवालदार पेन्सिल थुंकीनं ओली करून प्रत्येक उखाणा लक्ष देऊन ऐकत, त्यातून नवऱ्याचं नाव वेचत आणि वहीत लिहीत. सातव्या बाईचा उखाणा इतका लांबला की त्यांनी तो परत म्हणायला लावला. आत कोठडीपर्यंत ते सगळं ऐकू जात होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती गज धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलेलं होतं.

पंचमी आली. पाऊस नव्हता, झाडांना पानं नव्हती, झोका बांधावा असं अंगणात काही नव्हतं. मंडळानं फुगड्यांची परवानगी मागितली. नियमांचं पुस्तक पुन्हा उघडलं गेलं. तुरुंगात फुगडी चालते असं त्यात नव्हतं आणि चालत नाही असंही नव्हतं. साहेबांनी एकच अट घातली, आवाज कचेरीत येता कामा नये.

आवाज बाजारपेठेपर्यंत गेला. पोस्टमास्तरांच्या सौभाग्यवती आणि सोनारीणबाई अशा फिरल्या की दोघींचे अंबाडे सुटले. डॉक्टरीणबाई फुगडी खेळतात हे गावात कुणी खरं मानलं नसतं. त्या खेळल्या, आणि त्यांच्या जोडीदारणीनं आधी शरण जायचं ठरवलं. ती मात्र उंबऱ्यावर बसून बघत होती. आल्यापासून तिनं कुणालाही हात लावू दिला नव्हता, तपासायला बाई येत तेवढ्याच. तिला कुणी ओढत नव्हतं. तसं आधी ठरलंच होतं.

मग ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "तुमी धरायचं न्हाई. मी धरीन."

तिनं माझी मनगटं पकडली. खडी फोडणारे हात ते. बांगड्या रुतल्या, पण मी हात तसेच ठेवले. पाय जुळवले, मागे रेललो आणि फिरायला लागलो. सुरुवातीला ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग डोळे मिटले. भिंत, फाटक, मतपेट्या, बायका, सगळ्याची एक पट्टी झाली. तिचं सगळं वजन माझ्या मनगटांत होतं आणि माझं तिच्या हातांत, कुणी सोडलं असतं तर दोघी दोन भिंतींवर आदळलो असतो. ती ओरडत होती, गात होती की हसत होती ते मला कळत नव्हतं. थांबलो तरी आवार थांबेना. आम्ही दोघी मातीत बसलो, ती माझ्या खांद्यावर कलंडली आणि तशीच राहिली. कचेरीच्या खिडकीत साहेब हातात फाईल घेऊन उभे होते. त्यांनी खिडकी लावली नाही.

आमच्या गावच्या न्यायाधीशांची जागा तेव्हा रिकामी होती, म्हणून तारीख नगरला पडली. मंडळाची एक जण बरोबर जाणार असं आदेशात होतं. एसटीत अकरा जणी चढल्या. एक ठरल्याप्रमाणे आली होती. बाकीच्यांची नगरला आपापली कामं निघाली होती. कुणाला बांगड्या भरायच्या होत्या, कुणाची दाढ दुखत होती, सोनारीणबाईंना तर काम सांगायलाही सुचलं नाही. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई, पुढच्या बाकावर हवालदार. कंडक्टरनं विचारलं, वऱ्हाड कुठलं?

मिरजगाव जवळ आलं तशी ती बाकात आक्रसून बसली. पोस्टकार्डाला उत्तर आलं नव्हतं. तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. थांब्यावर एक कृश म्हातारी टोपली घेऊन चढली आणि सरळ आमच्या बाकापाशी आली. ही सासू, हे शेजारी बसलेल्या तिचं अंग ताठ झालं त्यावरूनच मला कळलं. म्हातारी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, सरका जरा. डॉक्टरीणबाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून सरकल्या असतील. म्हातारीच्या मागून आणखी दोघी चढल्या, त्याच कामावरच्या, हात तसेच भेगाळलेले.

चार-पाच मैल मागे पडले. म्हातारी टोपलीवरचं फडकं नीट करत होती. मग समोर बघतच म्हणाली, "एकच हात मोडला म्हनं."

सुनेनं पदर आणखी खाली ओढला.

"दुसरा कुनासाठी ठिवला?"

 मग मागच्या बाकावर कुणीतरी फुटलं, आणि अकरा जणी, हवालदार, कंडक्टर, ज्यांना काही ठाऊक नव्हतं असे उतारू, सगळे हसायला लागले. तिनं सासूच्या मांडीत डोकं खुपसलं. ती रडत होती आणि म्हातारी तिच्या पाठीवर थापट्या मारत टोपलीतली भाकरी आम्हाला वाटत होती. त्या दोघी मजूर बायका सांगायला लागल्या की पत्र्याच्या खोलीत त्यांनाही बोलावलं होतं, आणि आज त्या ते कोर्टात सांगणार होत्या. हे त्यांना म्हातारीनंच विचारलं होतं, घरोघर फिरून.

खटला तीन तारखांना चालला. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचे एक वयस्कर वकील नगरचे होते, त्यांनी काम घेतलं. मुकादम हात गळ्यात बांधून आला होता, दोन महिने उलटून गेले तरी. वकिलांनी त्याच्यापुढे मस्टर धरलं आणि जरा लवकर सोडलं. त्यानं ते त्याच बांधलेल्या हातानं अलगद झेललं. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. तिची पाळी आली तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, न्यायाधीशांनी तेवढी परवानगी दिली होती. ती हळू बोलली, पण थांबली नाही. शेवटी वकील तिचा जबाब वाचायला लागले तर तिनं दोन ठिकाणी त्यांची चूक दाखवली.

दुखापत केली, पण ती कशामुळे हे पाहता भोगलेली कैद पुरे, असा निकाल झाला. तिला तिथूनच सोडलं. म्हातारीनं पेशकाराकडे हातोडा परत मागितला. तो घरचा होता, सरकारी नव्हता. आम्ही सगळ्या बसस्टँडवर भेळ खात बसलो, आणि त्या नादात आमची गाडी चुकली, मग दुसरीही. उशिरा परत आलो तेव्हा साहेब कचेरीच्या पायरीवर येरझाऱ्या घालत होते. त्यांना वाटलं होतं, कैदी, मेट्रन, हवालदार आणि महिला मंडळ सगळंच पळालं.

ती गेली तरी बुधवार आणि शनिवार बंद झाले नाहीत. पुढच्या दीड वर्षात आणखी चार बायका त्या कोठडीत आल्या. त्यांतल्या दोघींची कहाणी अशीच काहीशी होती, आणि दोघींनी ती वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसापाशी सांगितली. एकीनं तर ती हवालदारांना सांगितली, मला नाही. मी थोडी रुसले होते.

मुकादमावर वेगळा खटला झाला. तो रेंगाळला, कागद फिरले, तपासणी उशिरा झाली म्हणून पुरावा नाही असं ठरलं आणि तो सुटला. कामावरून त्याला काढलं होतं, बाकी काही झालं नाही. हे लिहिताना आजही माझा हात अडतो. ही बातमी तिला कुणीतरी सांगायलाच हवी होती. मधल्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला होता. पौषात डॉक्टरीणबाई आणि मी एसटीनं मिरजगावला उतरलो आणि वस्तीवर चालत गेलो. ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. ती आणि सासू बांधावर आगटी पेटवून कणसं भाजत होत्या, लेकरं भोवती नाचत होती. नवरा परत आला होता. तो लांबून नमस्कार करून मोटेकडे गेला. त्यांच्यात काय बोलणं झालं होतं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला.  हातातलं कणीस तिनं तळहातावर चोळलं, फुंकर मारली, हिरवे दाणे तेवढे उरले. म्हातारीनं मुकादमाच्या सात पिढ्यांचा एका दमात उद्धार केला, त्यात असे काही शब्द होते की डॉक्टरीणबाईंनी एकाचा अर्थ मला विचारला.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मी सांगितलं, त्यानं ऐकलं, न्यायाधीशानं ऐकलं. आता बसा. निवतंय."

आम्ही बसलो. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. डॉक्टरीणबाईंनी दोन घास खाऊन हात आखडता घेतला तर म्हातारीनं त्यांच्या ओच्यात ओंजळभर दाणे ओतले. आम्ही इतकं खाल्लं की उठवेना. परतीची गाडी साडेचारची होती. ती आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आली, धाकटं लेकरू कडेवर घेऊन, आणि वाटभर कारखान्याकडून परतलेल्या कुणा एका शेजारणीची नक्कल करत होती. डॉक्टरीणबाई दोनदा रस्त्यात थांबल्या, कारण हसताना त्यांना चालता येत नव्हतं.